‘रन’चे ६४५ अर्थ

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने २०११ साली ‘रन’ या क्रियापदाची नोंद नव्याने लिहिली तेव्हा त्याचे अर्थ भरले ६४५. ही मोजदाद फक्त क्रियापदाची आहे. क्रिकेटमधला, बँकेवरचा किंवा नाटकाचा ‘रन’ ही नामे वेगळी. पीटर गिलिव्हर या कोशकाराने या एका शब्दावर नऊ महिन्यांहून अधिक काळ घालवला. शाळेत पहिल्याच वर्षी शिकवला जाणारा, ‘धावणे’ एवढाच अर्थ लिहून पुढे जाण्याजोगा वाटणारा हा शब्द आज इंग्रजीतला सर्वांत जास्त अर्थांचा शब्द मानला जातो.

हा मान पूर्वी ‘सेट’कडे होता. ऑक्सफर्ड कोशाची कल्पना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली मांडली गेली, जेम्स मरे १८७९ मध्ये संपादक झाले, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पुरे व्हायला १९२८ साल उजाडले. त्यात ‘एस’ या अक्षराचा पहिला टप्पा हेन्री ब्रॅडली यांच्याकडे होता आणि ‘सेट’ त्यांच्याच वाट्याला आला. या क्रियापदाने अठराच्या आसपास पाने खाल्ली. त्याचे मुख्य विभाग १५४ झाले. शेवटचा विभाग ‘सेट अप’चा. त्याच्या पोटविभागांना ए, बी, सी अशी अक्षरे देता देता वर्णमाला संपली, म्हणून दुहेरी अक्षरे सुरू करावी लागली आणि तीही ‘आरआर’पर्यंत पोहोचली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ची नोंद सुमारे ६० हजार शब्दांची होती, म्हणजे एका छोट्या कादंबरीएवढी. तिसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदी एकेक करून तपासायला घेतल्यावर आधी ‘मेक’ने, मग ‘पुट’ने आणि शेवटी ‘रन’ने ‘सेट’ला मागे टाकले.

यातला एकही शब्द जड, विद्वत्तापूर्ण किंवा लॅटिनमधून आणलेला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सगळे घरचे, तोंडात रुळलेले, एका उच्चारात संपणारे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत याच शब्दांबद्दल गाऱ्हाणे मांडले होते. गेट, गिव्ह, पुट, सेट, गो, रन, मेक, टेक, टर्न ही क्रियापदे इंग्रजीत इतक्या वेळा आणि इतक्या सैल अर्थाने येतात की मूळ कल्पनेपासून ती कुठे भरकटली याचा माग काढणे कठीण, असा त्यांचा सूर होता. एकट्या ‘टेक’चे त्यांनी १३४ अर्थ दिले. पुढे अमेरिकन भाषाभ्यासक जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्ये ही गोष्ट आकड्यांनी मांडली: जो शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. ‘फोटोसिंथेसिस’ला एकच अर्थ पुरतो, कारण तो शब्द वर्गाबाहेर फारसा पडत नाही. ‘रन’ला तशी सोय नाही. तो स्वयंपाकघरात लागतो, कारखान्यात लागतो, न्यायालयात आणि शेअर बाजारातही लागतो.

प्राचीन इंग्रजीत या शब्दाची दोन रूपे होती, ‘रिनन’ आणि ‘इर्नन’. उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या बोलीतला त्यांचा भाऊबंद शब्द त्यांत मिसळला आणि बऱ्याच शतकांनंतर ‘रन’ हे आजचे रूप पक्के झाले. अर्थाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की या कुळातल्या शब्दांना आरंभापासूनच दोन कामे होती: माणसाने किंवा जनावराने धावणे, आणि पाण्याने वाहणे. जर्मन भाषेने ती वाटून टाकली. तिथे ‘रेनेन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणे. इंग्रजीने दोन्ही एकाच शब्दावर सोपवली. यात इंग्रजीचा काही खास विक्षिप्तपणा नाही. मराठी ‘धावणे’ ज्या संस्कृत ‘धाव्’ धातूपासून आले त्यालाही धावणे आणि वाहणे असे दोन्ही अर्थ आहेत. वेगाने आणि न थांबता पुढे जाणे, ही दोहोंमधली सामाईक गोष्ट. ‘रन’चे बहुतेक सगळे अर्थ या दोन मुळांपाशी आणून पोहोचवता येतात.

वाहण्याची बाजू आधी घ्यावी, कारण ती सोपी आहे. नदी ‘रन’ होते, नळ ‘रन’ होतो, सर्दीने नाक ‘रन’ होते. नवी सुती साडी पाण्यात टाकल्यावर तिचा रंग शेजारच्या पांढऱ्या कपड्याला लागला, तर इंग्रजीत तो रंग ‘रन’ झाला. ओल्या भिंतीवरून रंगाचे ओघळ आले, तरी क्रियापद तेच. मग पाणी वाहते इतकेच न म्हणता माणूस ते वाहवतो, असा वापर आला: अंघोळीसाठी टबात पाणी सोडणे म्हणजे ‘रन अ बाथ’. इथे टब पळत नाही आणि माणूसही पळत नाही. अमेरिकेत पायमोज्याचा एक टाका सुटून उभी रेघ वर चढत गेली की तिलाही ‘रन’ म्हणतात; ब्रिटनमध्ये त्याच रेघेला ‘लॅडर’, म्हणजे शिडी, हे नाव आहे.

यापुढची पायरी गमतीची आहे. रस्ता किनाऱ्याने ‘रन’ होतो, भिंत शेताच्या कडेने ‘रन’ होते, तार खांबावरून घरापर्यंत ‘रन’ होते. यातले काहीच हलत नाही. हलते ती पाहणाऱ्याची नजर किंवा त्या रस्त्याने जाणाऱ्याचे पाऊल, आणि भाषा ती हालचाल रस्त्याला बहाल करते. मराठीही हेच करते. रस्ता जागच्या जागी असून तो पुण्याला ‘जातो’. जागेत पसरणे आले की काळात पसरणेही येते. करार तीन वर्षे ‘रन’ होतो. नाटक रंगमंचावर टिकून राहते तो त्याचा ‘रन’. अगाथा ख्रिस्ती यांचे ‘द माउसट्रॅप’ लंडनच्या वेस्ट एंडमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ रोजी सुरू झाले आणि कोविडच्या साथीत नाट्यगृहे बंद पडली तेवढा काळ सोडला, तर त्याचा ‘रन’ चालूच आहे. नक्षत्रासारखे डोळे किंवा चढा पारा एखाद्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या उतरत आला तर तो त्या घराण्यात ‘रन’ होतो. जणू पिढ्यांमधून वाहत येणारी एखादी गोष्ट.

‘रन’ खरा फुगला तो यंत्रांमुळे. फिरणाऱ्या चाकांसाठी हा शब्द आधीही वापरला जात होता. पण वाफेची इंजिने, कापडगिरण्या आणि रेल्वे आल्यावर त्याला मोकळे रान मिळाले. गिरणी ‘रन’ होऊ लागली, गाड्या वेळापत्रकाप्रमाणे ‘रन’ होऊ लागल्या. एका दमात गिरणीतून निघालेला, अजून प्रतवारी न केलेला माल म्हणजे ‘रन ऑफ द मिल’. चांगला-वाईट निवडलेला नाही, सरसकट आहे, म्हणून पुढे या शब्दप्रयोगाचा अर्थ ‘सामान्य, बेताचा’ असा झाला. आज तो वापरणाऱ्या कुणाच्या डोळ्यांपुढे गिरणी येत नाही. यंत्र स्वतः ‘रन’ होते तसे माणूस ते ‘रन’ करतो. यंत्राच्या जागी दुकान, हॉटेल, शाळा, संस्था ठेवली की व्यवस्थापनाचा अर्थ तयार. हा वापर एकोणिसाव्या शतकात मुख्यतः अमेरिकेत वाढला आणि आता देश चालवण्यापासून भिशी चालवण्यापर्यंत सगळीकडे पोहोचला आहे. संगणक आल्यावर त्याने नवा शब्द घडवला नाही, हाच उचलला. प्रोग्रॅम ‘रन’ करणे हा आज जगातला सर्वांत जास्त वेळा होणारा ‘रन’ असावा आणि त्यात पाय तर सोडाच, चाकही नसते.

दुसरीकडे शर्यतीच्या मैदानानेही बरीच भर घातली. घोड्यांच्या शर्यतीचा निकाल छापताना पहिल्या तिघांची नावे क्रमाने देत आणि बाकीच्यांची ‘हेही धावले’ या अर्थाच्या शब्दांखाली एकत्र टाकत. तिथून ‘ऑल्सो-रॅन’ हा इंग्रजीतला काहीसा निर्दय शब्द निघाला. निवडणुकीत अनामत घालवणाऱ्या उमेदवारांना तो हमखास लावतात. ‘रनर-अप’ तर सशामागे कुत्री सोडण्याच्या शर्यतीतून आला. तिथे दोन-दोन कुत्र्यांच्या जोड्या लावत, हरलेला बाद होई, आणि अखेरच्या फेरीपर्यंत एकही डाव न हरता शेवटच्याच डावात हरलेला कुत्रा तो ‘रनर-अप’. आज सौंदर्यस्पर्धेत मोठ्या मानाने उच्चारल्या जाणाऱ्या या शब्दाचा मूळ धनी शिकारी कुत्रा आहे, हे व्यासपीठावर कुणी सांगत नाही ते बरेच.

निवडणुकीच्या बाबतीत इंग्रजीच्या दोन घरांत फरक आहे. अमेरिकेतला उमेदवार अध्यक्षपदासाठी ‘रन’ करतो, म्हणजे धावतो. ब्रिटनमधला उमेदवार ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. मराठी उमेदवार ब्रिटिश वळणाचा आहे. तो निवडणुकीला उभा राहतो आणि धावपळ त्याचे कार्यकर्ते करतात.

क्रिकेटचा ‘रन’ मराठी वाचकाला सर्वांत ओळखीचा. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये या धावांना ‘नॉच’, म्हणजे खाच, म्हणत, कारण गुणलेखक प्रत्येक धावेसाठी हातातल्या काठीवर चाकूने एक खाच पाडत असे. कागद-पेन्सिल आली, काठी गेली, आणि नाव लेखनिकाच्या कृतीवरून उचलून फलंदाजाच्या कृतीला देण्यात आले. दोन यष्ट्यांमध्ये धावल्याबद्दल मिळतो तो ‘रन’. पण इथेही अर्थ लवकरच पायांतून निसटला. चेंडू सीमापार गेला की एक पाऊलही न उचलता चार मिळतात. सुनील गावसकर यांनी ७ मार्च १९८७ रोजी अहमदाबादला कसोटी क्रिकेटमधल्या दहा हजार धावा पुऱ्या केल्या. त्यांतल्या चौकारांसाठी ते धावलेले नव्हते, तरी मोजल्या त्या धावाच. क्रिकेटने या शब्दाभोवती स्वतःचे गोत जमवले आहे: गोलंदाजाचा ‘रन-अप’, फलंदाज ‘रन-आउट’, जखमी फलंदाजासाठी ‘रनर’. यातला ‘रनर’ आंतरराष्ट्रीय सामन्यांतून १ ऑक्टोबर २०११ पासून हद्दपार झाला. योगायोग असा, की कोशातला ‘रन’ विक्रमी लांबीला पोहोचला तेही २०११ सालीच.

मराठीने ‘रन’चे सरळ भाषांतर ‘धाव’ असे केले आणि ते पचलेही. ‘रनिंग कॉमेंट्री’चे ‘धावते समालोचन’ झाले. बाळ ज. पंडित यांच्या आवाजातले क्रिकेटचे मराठी समालोचन रेडिओवर ऐकत एक पिढी मोठी झाली, आणि समालोचन धावते म्हणजे नेमके काय, असा प्रश्न श्रोत्यांपैकी कुणाला पडल्याचे ऐकिवात नाही.

बँकेवरचा ‘रन’ मात्र मराठीत नीटसा आला नाही. बँक बुडणार अशी कुणकुण लागल्यावर सगळे ठेवीदार एकदमच पैसे काढायला धावतात, त्याला इंग्रजीत सतराव्या शतकाच्या अखेरीपासून ‘रन’ म्हणतात. बँक ठेवींपैकी बराच पैसा कर्जाऊ देऊन बसलेली असते. त्यामुळे धडधाकट बँकही अशा गर्दीपुढे टिकेलच असे नाही. अफवा खरी नसली तरी गर्दीच तिला खरी करून टाकते, हे या प्रकारातले मोठे दुर्दैव. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर अशा रांगा लागल्या. १८६६ मध्ये ओव्हरएंड, गर्नी ही वित्तपेढी कोसळली त्यानंतर ब्रिटनने असे दृश्य पाहिले नव्हते. मार्च २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅली बँकेवरचा ‘रन’ आणखी निराळा. ९ मार्च या एका दिवसात ग्राहकांनी ४२ अब्ज डॉलर काढून घेण्याच्या सूचना दिल्या, आणि त्या मोबाइल व संगणकावरून दिल्या. रांग नाही, धावाधाव नाही, कुणी खुर्चीतूनही उठले नाही. शब्द मात्र ‘रन’च राहिला. वस्तुस्थिती बदलली तरी शब्द आपली जागा सोडत नाही. त्याच्या अर्थात एक नवे पोट पडते, एवढेच.

कधी कधी तर मूळ कल्पनाच हरवते. दोन्ही बाजूंनी लोक सपासप मारत असताना मधून धावत जाण्याच्या शिक्षेला ‘रन द गॉन्टलेट’ म्हणतात. ‘गॉन्टलेट’ म्हणजे चिलखती हातमोजा. पण या शिक्षेचा हातमोज्याशी काही संबंध नाही. स्वीडिश भाषेत तिला गल्लीतून धावणे अशा अर्थाचा ‘गाटलोप’ हा शब्द होता. इंग्रजांच्या कानाला तो परका लागला, म्हणून त्यांनी त्याला जवळच्या, ओळखीच्या शब्दाचे कपडे चढवले.

इंग्रजी शिकणाऱ्याची खरी भंबेरी उडते ती ‘रन’ला छोटे शब्द जोडले जातात तिथे. ‘रन इन्टू’ म्हणजे अचानक भेटणे, आणि धडकणेही. ‘रन ओव्हर’ म्हणजे अंगावरून गाडी जाणे. पण भाषण वेळेपेक्षा लांबले तरी तेच, आणि उद्याच्या कामांची यादी घाईने एकदा नजरेखालून घातली तरी तेच. ‘रन आउट’ म्हणजे साखर संपणे आणि पारपत्राची मुदतही संपणे. ‘रन अप’ने दुकानात उधारी चढते, खांबावर झेंडा चढतो आणि शिवणयंत्रावर घाईघाईने परकरही शिवून निघतो. ‘रन डाउन’ची तर कमालच आहे: गाडीने माणसाला उडवणे, घड्याळाची किल्ली किंवा बॅटरी उतरणे, कुणाची मागे निंदा करणे, आणि खूप शोधाशोध करून एखादी गोष्ट हुडकून काढणे, ही सगळी कामे तो करतो. वर मोडकळीला आलेली इमारत आणि आजारपणाने खंगलेला माणूस हेही ‘रन-डाउन’च. ऑक्सफर्डच्या ६४५ मध्ये अशा जोडशब्दांचा वाटा मोठा आहे. ही रूपे नियमाने सुटत नाहीत. ‘डाउन’ म्हणजे खाली हे ठाऊक असून बॅटरीचे उतरणे कळेल, निंदा कळणार नाही. ‘खाली’ या कल्पनेतून तिथपर्यंतची वाट शोधता येते, पण ती अर्थ कळल्यानंतर दिसते.

मराठीत ‘रन’चा बराचसा संसार ‘चालणे’ने सांभाळला आहे. घड्याळ चालते, दुकान चालते, खटला चालतो, नाटक चालते, संस्था चालवतात, गाडी चालवतात. इंग्रजी यंत्र धावते तेव्हा मराठी यंत्र चालते. हिंदीत तसेच, आणि फ्रेंचमध्येही यंत्र चालतेच. जर्मन भाषेत ते धावते. मराठी माणूस या ‘चालण्या’ला होकारापर्यंत घेऊन गेला. ‘चहा चालेल?’ या प्रश्नाचे शब्दशः इंग्रजी केले तर चहाला पाय फुटतील.

याच्या जोडीला मूळ इंग्रजी शब्दही मराठी व्यवहारात शिरला आहे, आणि तो प्रत्येक ठिकाणी निराळ्या अर्थाने. फर्निचर करणारा सुतार ओट्याखालच्या कपाटांचा भाव ‘रनिंग फुटा’वर सांगतो, तिथे ‘रनिंग’ म्हणजे नुसती सलग लांबी, उंची-खोली वेगळी मोजायची नाही. जुनी मोटारसायकल विकणारा ती ‘रनिंग कंडिशन’मध्ये असल्याची ग्वाही देतो. लोकलमधला जाणता प्रवासी नवख्याला ‘रनिंगमध्ये उतरू नको’ म्हणून दटावतो. आणि रेल्वेच्या मोठ्या स्थानकांजवळ ‘रनिंग रूम’ अशी पाटी असलेली इमारत असते. तिथे कुणी धावत नाही. गाडीवर काम करणारे चालक आणि गार्ड हे रेल्वेच्या भाषेत ‘रनिंग स्टाफ’, आणि एक फेरी संपवून पुढची गाडी मिळेपर्यंत ते जिथे जेवतात आणि झोपतात ती ‘रनिंग रूम’. सबंध इमारतीत शांतता राखण्याचा दंडक असतो.

इंग्रजीच्या या पसाऱ्याचे नवल करताना मराठी वाचकाने आपल्या ‘लागणे’कडे एकदा पाहावे. भूक लागते, आग लागते, झोप लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, दही लागते, दार लागते, गाव लागते, ग्रहण लागते, वेड लागते, वेळ लागतो, पैसे लागतात, झाडाला आंबे लागतात, बोलणे मनाला लागते, जुन्या ओवीचा अर्थ लागतो आणि शेवटी वाटही लागते. ‘तो माझा कोण लागतो’ यात नाते आहे, ‘पाऊस पडू लागला’ यात नुसता आरंभ आहे. सगळ्यांच्या मुळाशी चिकटणे, स्पर्श होणे हीच कल्पना. एक गोष्ट दुसरीला जाऊन भिडते. मग ती पायाला भिडणारा दगड असो, शरीराला भिडणारी भूक असो की प्रवाशाला भिडणारे गाव. मोल्सवर्थ यांनी १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली, आणि पुढे दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने आणखी मोठा पल्ला गाठला. पण ऑक्सफर्डने ‘रन’साठी केली तशी ‘लागणे’ची शतकवार, अवतरणांसह छाननी अजून कुणी केलेली नाही. केली तर आकडा लहान निघणार नाही.

आता प्रश्न उरतो तो मोजणीचा. ६४५ म्हणजे नेमके काय मोजले? प्रिन्स्टन विद्यापीठाच्या वर्डनेट या शब्दसंग्रहात ‘रन’ क्रियापदाचे अर्थ ४१ आहेत. इंग्रजी एकच, शब्द एकच, तरी एकीकडे ४१ आणि दुसरीकडे ६४५. यात कुणीच चूक नाही. ऑक्सफर्ड हा ऐतिहासिक कोश आहे. तो बाराशे वर्षांतले, आता वापरातून गेलेले अर्थही नोंदवतो आणि अर्थातली बारीकशी कूसही वेगळी धरतो. नदीचे वाहणे आणि नळाचे वाहणे एकाच अर्थात घालायचे की दोन कप्पे करायचे, हा कोशकाराचा निर्णय असतो. भाषा स्वतः तशा रेषा आखून देत नाही. तेव्हा ‘सर्वांत जास्त अर्थांचा शब्द’ हे बिरुद ऐकायला झकास असले, तरी त्यात कोशाच्या शिस्तीचा वाटा शब्दाच्या कर्तृत्वाएवढाच आहे.

दोन अर्थ खरोखर वेगळे आहेत का, हे पाहण्याची एक जुनी युक्ती आहे. एकाच क्रियापदावर दोन्ही लादून वाक्य हसू आणते का ते पाहावे. ‘त्याला भूक आणि तहान लागली’ हे सरळ आहे. ‘त्याला ठेच आणि नोकरी लागली’ म्हटले की ऐकणारा हसतो. याचा अर्थ मध्ये कुठेतरी सीमा ओलांडली गेली. शंभर मीटर आणि एक उपाहारगृह एकाच दमात ‘रन’ केले, असे इंग्रजीत म्हटले तर तसेच हसू येते.

अर्थ वेगळे असणे आणि शब्दच वेगळे असणे, यांतही फरक करावा लागतो. एकाच मुळातून फुटलेल्या अनेक अर्थांना अनेकार्थता म्हणतात. युरोपीय भाषांत तिला ‘पॉलिसेमी’ हे नाव फ्रेंच अभ्यासक मिशेल ब्रेआल यांनी १८९७ मध्ये दिले. ‘रन’ हे तिचे स्वच्छ उदाहरण. ‘सेट’चे तसे नाही. ‘सेट’ हे क्रियापद ‘सिट’पासून निघालेले, मराठीत ‘बसणे’पासून ‘बसवणे’ निघाले तसे. अंगठीत खडा बसवणे, निखळलेले हाड बसवणे ही कामे इंग्रजीत ‘सेट’ने आणि मराठीत ‘बसवणे’ने होतात. पण चहाचा सेट, भांड्यांचा सेट यातले नाम बहुतांशी लॅटिनमधल्या ‘सेक्टा’वरून, म्हणजे अनुयायांचा गट या अर्थाच्या शब्दावरून, फ्रेंचमार्गे आले. उच्चार जुळला, अर्थही एकमेकांत मिसळले, आणि आज दोघांना वेगळे काढायला व्युत्पत्तीच्या जाणकाराला बोलवावे लागते.

अनेकार्थतेने यंत्रांनाही दमवले. यंत्रभाषांतराचे अभ्यासक येहोशुआ बार-हिलेल यांनी १९६० साली एक साधे वाक्य पुढे केले: बॉक्स ‘पेन’मध्ये होते. ‘पेन’ म्हणजे लेखणी आणि ‘पेन’ म्हणजे लहान मुलाला खेळायला सोडण्याची बंदिस्त चौकटही. लेखणीत खोके मावत नाही हे माणसाला न सांगता कळते. यंत्राला ते कळवायचे कसे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि यंत्राकडून निर्दोष भाषांतराची अपेक्षा धरू नये असा त्यांचा निष्कर्ष. आजची भाषांतर करणारी यंत्रे अब्जावधी वाक्ये चाळून, कोणता शब्द कुणाच्या शेजारी येतो याचा हिशेब मांडतात आणि बहुतेक वेळा बरोबर निघतात. मोडकळीला आलेली ‘रन-डाउन’ चाळ त्यांना सहसा चुकवत नाही. चुकतात ती वाक्ये लहान असली आणि शेजार अपुरा असला म्हणजे.

माणूसही याच वाटेने शिकतो. म्हणून विद्यार्थ्याने ‘रन’चे अर्थ यादी करून पाठ करू नयेत. ऑक्सफर्डचा मोठा कोश अर्थ इतिहासक्रमाने देतो. त्यात आज लागणारा अर्थ खूप खाली सापडतो. ए. एस. हॉर्नबी यांनी १९४२ साली जपानमध्ये सिद्ध केलेल्या कोशाच्या वळणाचे, शिकणाऱ्यांसाठीचे वेगळे कोश मिळतात, ते वापरावेत. त्यांत नेहमीचे अर्थ आधी असतात आणि प्रत्येकासोबत उदाहरणाचे वाक्य असते. नोंदवहीत लिहायचेच झाले तर नुसते ‘रन’ लिहू नये. ‘रन अ बाथ’, ‘रन अ शॉप’, ‘रन अ रिस्क’ असा कर्मासह पूर्ण तुकडा लिहावा आणि समोर त्याचे मराठी: पाणी सोडणे, दुकान चालवणे, धोका पत्करणे.